मोटर बोगी (मॉडेल रेल्वे) : नित्य देखभाल

मोटर बोगी : मॉडेल रेल्वेच्या डब्याखाली बसणारा, स्वतःची मोटर व गिअर असलेला चाकांचा छोटा संच. तो रुळांतून वीज घेतो आणि गाडी ओढतो. साध्या पद्धतीत वीज 12 व्होल्ट डीसी असते; दोन रुळांतली धन-ऋण बाजू उलटी केली की गाडी मागे धावते. 1:87 प्रमाणाच्या एचओ मॉडेलसाठी रुळांतले अंतर 16.5 मिमी असते. भारतीय ब्रॉडगेज 1676 मिमीचा. त्याच प्रमाणात तो साधारण 19.3 मिमी व्हायला हवा. त्यामुळे कोल्हापूर-मिरज या ब्रॉडगेज मार्गावरच्या आजच्या गाडीचे मॉडेल बाजारातल्या तयार रुळांवर बसवले की चाके जरा आत गेल्यासारखी दिसतात. हौशी मंडळी ते चालवून घेतात.

बोगी अडखळू लागली की पहिला संशय मोटरवर जातो, पण दोष बहुतेक वेळा चाकांवरच्या काळ्या थरात असतो. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडतात. त्यांची काजळी, धूळ आणि ओघळलेले तेल मिळून हा थर बनतो व वीज अडते. बोगी उलटी धरून, दोन तारांनी वीज देऊन चाके सावकाश फिरवावीत आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी चाकाच्या कडेवर टेकवावी. काडी पहिल्या फेरीत काजळासारखी काळी होते. ती पांढरी राहीपर्यंत काड्या बदलाव्यात. सँडपेपर मारू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ अधिक घट्ट बसतो. चाकावर रबरी कडे असेल तर ते आधी काढून ठेवावे. वीज उचलणाऱ्या पितळी पट्ट्या चाकाला हलक्या टेकलेल्या हव्यात. जास्त दाबल्या तर त्या ब्रेकचे काम करतात.

आसाला गुंडाळलेले केस आणि सतरंजीचे धागे चिमट्याने काढावेत. हे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळून घातलेले तेल वाया जाते.

तेलाबाबत हात आखडता ठेवावा. प्लास्टिकला न खाणारे हलके तेल सुईच्या टोकावर घेऊन बेअरिंगला एकच थेंब द्यावा; गिअरच्या दात्यांना किंचित ग्रीस पुरते. जादा तेल कम्युटेटरवर (मोटरच्या आसावरच्या, फटींनी विभागलेल्या तांब्याच्या कड्यावर) गेले तर ब्रशच्या (त्या कड्याला टेकून वीज देणाऱ्या तुकड्यांच्या) कार्बनशी मिसळून त्याच्या फटी बुजवते आणि मोटर तापते. मोटर उघडता येत असेल तर या फटी लाकडी दातकोरणीने कोरून घ्याव्यात. बंद डब्याच्या मोटरींत ब्रश सहसा बदलता येत नाहीत; तिथे मोटरच बदलणे सोयीचे.

कोल्हापुरात या कामात गुलालाची भर पडते. राजारामपुरी, शाहूपुरी भागातली गणेशोत्सव मंडळे तांत्रिक, म्हणजे यंत्रावर हलणाऱ्या देखाव्यांसाठी ओळखली जातात. अशा देखाव्यात रुळांवर फिरणारी गाडी ठेवली तर ती रोज कित्येक तास चालते आणि भोवती गुलाल, धूप, कापराचा धूर असतो. ग्रीसमध्ये गुलाल मिसळला की त्याचा लगदा होऊन गिअर झिजू लागतात. अशा वेळी वरून नवे ग्रीस न चोपडता जुने पूर्ण पुसून काढावे आणि गिअरचे झाकण बंद ठेवावे. पावसाळ्यात आसांना गंज चढतो. वापर नसेल तेव्हा बोगी सिलिका जेलची पुडी घालून हवाबंद डब्यात ठेवलेली बरी.

गाडी एका लयीत, चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा ‘टक’ करत असेल तर आसावरचे प्लास्टिकचे गिअर तडकलेले असण्याची शक्यता मोठी. ही चीर केसाएवढी बारीक असते. गुजरीतले सोनार वापरतात तसले भिंग हाताशी असावे. चिकटवलेले गिअर फार टिकत नाही, ते बदलावेच. त्याच वेळी आतल्या बाजूने दोन चाकांमधले अंतर व्हर्नियरने (बारीक माप घेण्याच्या पट्टीने) पाहून घ्यावे. ते सुमारे 14.5 मिमी असते. बदलले असेल तर सांध्यावर, म्हणजे गाडी रूळ बदलते तिथे, बोगी रुळांवरून घसरते. आसाचा पितळी बुश (आस ज्यात फिरतो ती छोटी नळी) झिजला असेल तर शिवाजी उद्यमनगरात लेथवर नवा करून घेता येतो, मात्र नमुन्याला जुना बुश सोबत न्यावा.

जोडणी झाल्यावर बोगी डब्याविना, मंद गतीने, दोन्ही दिशांना अर्धा अर्धा तास चालवावी.