पार्श्वभूमी : स्मृतिभ्रंशाच्या भाषिक चाचण्या आणि शाळेच्या वर्षांचा प्रश्न

स्मृतिभ्रंशाची शंका आली की ज्येष्ठांना जे विचारले जाते, त्यात भाषेचा वाटा मोठा असतो. समोरच्या वस्तूचे नाव सांगणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणणे, एका मिनिटात आठवतील तितके प्राणी सांगणे हे नेहमीचे प्रश्न. १९७५ मध्ये अमेरिकेत आलेली एमएमएसई ही ३० गुणांची चाचणी जगभर रुळली आणि २४ पेक्षा कमी गुण म्हणजे काळजीचे कारण, अशी रेषाही तिच्याबरोबर रूढ झाली.

ही रेषा शाळेत गेलेल्या माणसावर बेतलेली आहे, हे १९९३ मध्ये आकड्यांत दिसले. अठरा हजारांहून अधिक अमेरिकी प्रौढांच्या गुणांचा मध्यक नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांत २९, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांत २६ आणि जेमतेम चार वर्षांपर्यंत शिकलेल्यांत २२ निघाला. या शेवटच्या गटातील किमान निम्मी माणसे थेट रेषेखाली गेली. वयाचाही परिणाम होताच. १८ ते २४ वयोगटाचा मध्यक २९, तर ऐंशी व त्यापुढील वयाचा २५ होता. मात्र वयामुळे सहसा शब्दसंग्रह आटत नाही; नाव तोंडावर येऊन अडते आणि थोड्या वेळाने आठवते. अल्झायमरमध्ये शब्दांचे अर्थाने जुळलेले गट विस्कटू लागतात, म्हणून एका अक्षरावरून शब्द सांगण्यापेक्षा प्राण्यांची नावे सांगण्यात अशा रुग्णांची अधिक पीछेहाट होते.

भारतात हा पेच नव्वदच्या दशकात हरियाणातील बल्लभगढ परिसरात उभा राहिला. तेथील बहुतेक वृद्ध निरक्षर होते. इंग्रजी चाचणीचे नुसते भाषांतर न करता तेथे प्रश्नच बदलले गेले. शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगितले. लेखी सूचना वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याची कृती पाहून तसेच करायला सांगितले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी बोलायला सांगितले. कागदपेन्सिलीशी कधी संबंध न आलेल्या माणसाचा मान राखणारे हे काम होते आणि त्याला मिळायला हवे तेवढे श्रेय आजही मिळत नाही.

दुसरा मार्ग गुण वाढवून देण्याचा. २००५ मध्ये कॅनडातून आलेल्या मोका चाचणीत बारा किंवा त्याहून कमी वर्षे शिकलेल्याला एक गुण जास्त मिळतो. वाद आहे तो येथेच. अक्षरओळख नसलेली आजी आणि बारावी झालेले निवृत्त कारकून, दोघांनाही तोच एक गुण. उलट बाजूचा आक्षेपही खरा आहे : कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा जोखमीचा घटक मानला जातो, त्यामुळे फार सवलत दिली तर खरा आजार सवलतीखाली झाकला जाईल. तरीही प्रश्न बदलण्याचा मार्गच अधिक न्याय्य वाटतो, कारण काही प्रश्नांना गुणांची मलमपट्टी लागूच पडत नाही. मोकात एका अक्षरावरून मिनिटभर शब्द सांगायचे असतात. मराठीत ‘क’ दिला, तर ‘केळे’ आणि ‘कौल’ धरायचे का? ‘क्रम’ चालेल का? शिकलेला माणूसही येथे थबकतो, आणि निरक्षराच्या लेखी ‘क’ ही वेगळी काढता येणारी वस्तूच नसते. पोर्तुगालमधील स्त्रियांच्या एका अभ्यासात तर प्राण्यांची नावे सांगताना साक्षर-निरक्षरांत फरक दिसला, पण बाजारात मिळणाऱ्या वस्तू विचारल्यावर तो मावळला. रेखाचित्राऐवजी खरी वस्तू हातात दिली, तरी निरक्षरांची उत्तरे सुधारतात.

अलीकडे कामाचा वेग वाढला आहे. २०१७ ते २०२० या काळात साठीपुढच्यांची देशव्यापी पाहणी झाली आणि तिच्यात बल्लभगढची चाचणीही वापरली गेली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त. ज्यांना शाळा मिळाली नाही, त्यांचीच संख्या या दोन्ही गटांत मोठी आहे. म्हणून त्या पाहणीत केवळ गुणांवर विसंबून न राहता घरच्या माणसांनाही विचारले गेले, की यांना पूर्वी जमायचे ते आता जमत नाही, असे काय आहे?