एकाच नावाचे दोन ग्नूस

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये न्यूजग्रुप, म्हणजे इंटरनेटवरचे विषयवार चर्चागट, वाचायचे म्हटले की ग्नूस या प्रोग्रामचे नाव निघतेच. पण ग्नूस दोन आहेत. रोमन लिपीत जुन्याचे नाव सगळे मोठ्या अक्षरांत लिहितात आणि नव्याचे फक्त पहिले अक्षर मोठे असते. देवनागरीत अक्षरांना लहान-मोठेपणाच नसल्याने हा फरक पार पुसला जातो, म्हणून इथे सरळ जुना आणि नवा असेच म्हणतो.

जुना मासानोबू उमेदा यांचा. नावाचा उच्चार ‘न्यूज’ व्हावा, हा त्यांचा मूळ हेतू. १९९४ च्या शरदात लार्स माग्ने इंगेब्रिग्तसेन यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला. त्याला आधी ‘डिंग’ असे नाव दिले होते, म्हणजे ‘डिंग इज नॉट ग्नूस’. पुढे ते नाव सोडून जुनेच परत घेतले. नोव्हेंबर १९९५ मध्ये ईमॅक्स १९.३० सोबत ग्नूस ५ आला. आज ईमॅक्समध्ये ग्नूस सुरू केलात तर उघडतो तो नवाच.

मग गोंधळ का होतो? नव्याने जुन्याच्या कीबोर्डवरच्या जवळजवळ सगळ्या कळा तशाच ठेवल्या, आज्ञांची नावेही ठेवली. जुन्याला सरावलेला हात नव्यावर अडखळत नाही. म्हणूनच आत काय बदलले ते चटकन लक्षात येत नाही.

जुना एका वेळी एकाच सर्व्हरचा. नव्यात अनेक सर्व्हर, शिवाय स्वतःची मेलही, एकाच यादीत शेजारी-शेजारी दिसतात. जुन्यात लेखांची यादी दाखवणारे समरी बफर एकच, नव्यात प्रत्येक गटाचे आपापले.

पण माझ्या मते खरा बदल निवडीत आहे. जुन्यात गट एक तर घेतलेला, नाही तर सोडलेला. नव्यात गटांना १ ते ९ पातळ्या आहेत: ५ पर्यंत घेतलेले, ६ आणि ७ सोडलेले, ८ म्हणजे झॉम्बी (अर्धमेले), ९ म्हणजे मारलेले; या शेवटच्या दोन्हींतले काय वाचले याची नोंद ग्नूस ठेवत नाही. रोज वाचायचे गट १ वर आणि सवडीचे ४ वर ठेवले, तर घाईच्या दिवशी फक्त वरचेच उघडता येतात. मोठी यादी बाळगणाऱ्याला याची किंमत लगेच कळते.

लेखांचेही तसेच. जुन्यात किल फाइल, म्हणजे नको असलेले लेख गाळण्याच्या नियमांची फाइल: विषय जुळला की लेख वाचल्यात जमा, मग तो कुणाचा का असेना. नव्यात स्कोअर, म्हणजे प्रत्येक लेखाला मिळणारे गुण. समजा, एखाद्या कंटाळवाण्या विषयाचा स्कोअर तुम्ही १००० ने उतरवलात आणि एका जाणकार लेखकाचा तेवढाच चढवलात. आता त्या विषयावरचा इतरांचा लेख शून्याखाली जाऊन वाचल्यात जमा होतो, पण त्या जाणकाराचा शून्यावर टिकतो आणि तुमच्या नजरेला पडतो. किल फाइलमध्ये तो निमूटपणे गेला असता. स्कोअरची तात्पुरती नोंद लावली, तर काही दिवस वापरली न गेल्यास ती आपोआप गळते. गटातले भांडण शमले की त्यासाठी लावलेला नियमही जातो.

किल फाइल नव्यालाही चालते, फक्त गती मंदावते. कुणी जुनी किल फाइल आणून ‘ग्नूस संथ आहे’ म्हणत असेल, तर आधी त्यातले नियम स्कोअरमध्ये उतरवून पाहायला सांगा.