फ्रिज चालू होताना दिवा का डुलायचा?

बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या जुन्या घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक गोष्ट कुणाच्याही लक्षात यायची. स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर घुरघुरला की माजघरातला पिवळा बल्ब क्षणभर मंद व्हायचा आणि परत उजळायचा. "लाइट डुलली" म्हणून सगळे आपापल्या कामाला लागायचे. खरं तर त्या अर्ध्या सेकंदात घराच्या वायरिंगची तपासणी होऊन जात असे, तीही फुकट.

घरगुती फ्रिजची मोटर चालू असताना एक-दीड अँपिअर करंट घेते, पण थांबलेली मोटर फिरवायला सुरुवातीला त्याच्या सहा-आठ पट करंट लागतो. समजा, तो 10 अँपिअर आहे आणि खांबापासून घरात येणाऱ्या, फ्रिज आणि बल्ब दोघांच्याही वाटेत असलेल्या तारा, जोड, मीटर, फ्यूज या सगळ्यांचा मिळून रोध दीड ओहम आहे. मग वाटेतच 15 व्होल्ट खर्च होतात आणि 230 चे 215 उरतात. ही घट साडेसहा टक्क्यांची, पण तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा कितीतरी वेगाने घसरतो, म्हणून तो जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी दिसतो. घरच्या तारा आणि जोड ठीक असतील तर रोध याहून बराच कमी असतो आणि बल्ब हलल्याचं कळतही नाही.

आता घरोघरी एलईडी आहेत. चांगल्या एलईडीतलं सर्किट व्होल्टेज खाली-वर झालं तरी उजेड स्थिर ठेवतं. वायरिंग तेच, फ्रिजही तोच, पण डुलणं दिसत नाही. दुसरी खूण होती बिलाची. 120 वॅटचा फ्रिज दिवसातले 12 तास चालला तर महिन्याला साधारण 43 युनिट होतात. दाराचं रबर सैल पडून तोच 18 तास चालू लागला की 65. कर्नाटकात 2023 पासून गृहज्योती योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत, जास्तीत जास्त 200 युनिट, वीज मोफत आहे. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीच्या बिलावर शून्य रक्कम दिसली की वरचे युनिट कोण बघतं? योजना चांगलीच आहे, पण युनिट छापलेले असतातच, ते वाचायला हवेत. 200 च्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं.

जुनं उपकरण जास्त वीज खातं, एवढ्यावरच बहुतेक चर्चा थांबते. मला त्याहून मोठी भीती वाटते ती जोडांची. कितीतरी जुन्या घरांत लाकडी पट्टीवरून नेलेलं वायरिंग अजून आहे आणि बऱ्याच ठिकाणी तारा ॲल्युमिनियमच्या. हा धातू स्क्रूखाली दबून हळूहळू पसरतो आणि त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर धरतो. तो थर वीज नीट वाहू देत नाही. खानापूरकडच्या पावसात भिंती चार महिने ओल्या असतात, तिथे सॉकेटच्या पितळी पट्ट्यांनाही हिरवट पुटं चढतात. जोडात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाला रोधाने गुणून निघते. 2000 वॅटचा गीझर 8.7 अँपिअर घेतो. सैल जोडाचा रोध अर्धा ओहम असला तर त्या एका टिंबाएवढ्या जागी जवळपास 38 वॅट उष्णता साचते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या 25 वॅटच्या सोल्डरगनने कथील वितळतं, त्यापेक्षा ही जास्त. तापलेला जोड आणखी सैल होतो, रोध वाढतो, तो अजून तापतो.

आणि फ्यूज उडत नाही. उडणार कसा? करंट 8.7 च आहे, फ्यूजच्या दृष्टीने सगळं आलबेल. एमसीबीला, म्हणजे करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचलाही, हे कळत नाही. कळतं ते हाताला आणि नाकाला: गीझर पंधरा मिनिटं चालवून, बटण बंद करून प्लग काढला आणि पिन चटका देत असेल, किंवा सॉकेट पिवळं पडून जळका वास येत असेल, तर सॉकेट बदलायची वेळ झाली. नवा फ्रिज आणून त्याच जुन्या सॉकेटला लावणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

निपाणी-चिकोडीकडे मळ्यातल्या घरांचं दुखणं वेगळं. शेतीचा फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, वेगळा नसेल तिथे उसाला पाणी सुटलं की व्होल्टेज 180 वर येतं. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे तो साठ टक्क्यांवर येतो. जुना, घासलेला कॉम्प्रेसर तेवढ्यात फिरत नाही. तो नुसता हुं करतो, भरपूर करंट ओढतो, मग त्याच्यावरचा ओव्हरलोड स्विच 'टक्' करून वीज तोडतो. दर काही मिनिटांनी हेच, आणि प्रत्येक वेळी तेच जोड तापतात. स्टॅबिलायझर लावला तर फ्रिज वाचतो, पण 170 चे 220 करताना तो मागच्या तारांतून सुमारे तीस टक्के जास्त करंट घेतो. त्यामुळे भार फक्त जागा बदलतो.

उरला आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की पडणारा स्विच, ज्याला "सारखा पडतो" म्हणून शिव्या बसतात. आत जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला की तो वीज तोडतो. घरातला 30 मिलिअँपिअरचा असतो, पण नियमानुसार तो 15 पासून पुढे कधीही पडू शकतो. जुन्या गीझरच्या कॉइलमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल धरते आणि करंट थोडा थोडा गीझरच्या पत्र्यावर गळू लागतो. फ्रिज, वॉशिंग मशिन यांची किंचित गळती त्यात मिळते आणि बेरीज 15 च्या पुढे जाते. तीन पिनांतली मोठी, अर्थिंगची पिन तोडून दोनच्या सॉकेटला लावलेलं उपकरण मात्र ही गळती जमिनीला देत नाही, स्वतःच्या पत्र्यावर राखून ठेवतं, हात लागेपर्यंत.

आरसीसीबी काढून थेट जोडून द्यायला सांगणारी मंडळी आहेत आणि तसं करून देणारे वायरमनही. त्याऐवजी सगळे प्लग काढून एकेक लावत जावं, चोर सापडतो. काहीच लावलेलं नसताना पडला, तर गळती बहुधा भिंतीतल्या तारेत आहे. ही तपासणी जुलैत करावी. मार्चमध्ये तीच भिंत कोरडी असते आणि तोच गीझर बिनबोभाट चालतो.