कवीचे उलट टपाली उत्तर: रसिकपत्रांची पार्श्वभूमी

एखाद्या गीतकाराने तीस-चाळीस वर्षांपूर्वी कुणा श्रोत्याला लिहिलेले कार्ड हल्ली फोनवर फिरत फिरत आपल्यापर्यंत येते. खाली 'किती साधी माणसे होती' असा शेरा असतो. साधेपणाचा मुद्दा बाजूला ठेवू. माणसे साधी होती, तिरसट होती, विसराळूही होती. अनोळखी माणसाच्या पत्राला कवीने उत्तर द्यायचेच, ही रीत मराठीत कशी रुजली, कशी ओसरली आणि त्या उत्तरांच्या छपाईवरून आता भांडणे का होतात, एवढेच इथे पाहायचे आहे.

जुना भाग थोडक्यात. शाहिराला बिदागी मिळे, कीर्तनकाराला ताटातली दक्षिणा. दाद समोरासमोर आणि तिथल्या तिथे. ती लिहून पाठवायची तर टपाल स्वस्त हवे आणि कवीचा पत्ता ठाऊक हवा. पहिली अडचण १८७९ साली सुटली. त्या वर्षी १ जुलैपासून हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झाले, किंमत पाव आणा. पत्त्याची अडचण मासिकांनी सोडवली. कविता छापून आली की तिच्याविषयीचे पत्र संपादकाकडे जाई आणि संपादक ते पुढे धाडी. तेव्हाचे निम्मे कवी टोपणनावाने लिहीत, त्यामुळे खरे नाव आणि गाव फक्त संपादकालाच माहीत, असेही असे. १९०९ पासून दिवाळी अंकांची प्रथा पडली आणि दिवाळीनंतरचे दोन महिने हे कवींच्या टपालाचे महिने ठरले. मासिकांची एक सूचना त्या काळापासून सगळ्यांना पाठ आहे: नापसंत साहित्य परत हवे असल्यास पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडावे. हीच शिस्त वाचकांनी कवीशी वागताना उचलली. उत्तर हवे तर त्याचा खर्च आपण करायचा. म्हणून पाकिटात कोरे कार्ड सरकवून द्यायचे किंवा जोडकार्ड पाठवायचे, म्हणजे अर्धे आपले आणि अर्धे त्यांच्यासाठी. समोर कोरे कार्ड, त्यावर वाचकाने स्वतःच्या हाताने लिहिलेला स्वतःचाच पत्ता. उत्तर टाळणे त्यामुळे जरा अवघड होई.

मात्र तोवरची पत्रे वाचकांची होती. श्रोत्यांची पत्रे रेडिओने आणली, आणि या विषयातला खरा बदल तोच आहे.

मुंबईत रेडिओ केंद्र १९२७ साली निघाले, पुण्याचे १९५३ साली. मधल्या काळात तबकडीवरचे भावगीत घरोघर पोचले होते. पण तबकडी ही गायकाची वस्तू. तीन मिनिटांचे गाणे, लेबलावर गायकाचे नाव ठळक, कवीचे दिसले तर बारीक अक्षरात. रेडिओवर निवेदक गाण्याआधी किंवा नंतर गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगे. ज्याच्या घरी तबकड्या नव्हत्या, ज्याने कवितासंग्रह कधी उघडलाही नव्हता, त्याला गाण्याच्या शब्दांचा धनी आठवड्यातून चार वेळा कानांनी भेटू लागला. वर पत्ताही आयताच मिळाला: अमुक कवी, द्वारा आकाशवाणी, पुणे किंवा मुंबई. काही कवी तर रेडिओच्याच नोकरीत होते, त्यामुळे हे पत्र कार्यालयाच्या टपालात येऊन थेट त्यांच्या टेबलावर पडे.

१९५२ मध्ये सरकारी रेडिओने चित्रपटगीतांवर लगाम घातला. त्या निर्णयाची आजवर चिकार टवाळी झाली आहे. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ते खरेच. मराठीपुरते पाहिले तर त्या मोकळ्या झालेल्या वेळेने भावगीत आणि सुगम संगीताला जागा मिळाली, ही बाजू टवाळी करणारे सांगत नाहीत. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे केंद्राने वर्षाहून थोडा अधिक काळ, दर आठवड्याला एक नवे गाणे अशी रामकथा ऐकवली. एकूण गाणी ५६. पुण्यातली वर्तमानपत्रे त्या त्या आठवड्याच्या गाण्याचे शब्द छापू लागली. आठवडाभर थांबून ऐकायचे, मग शब्द वाचायचे, आणि पुढचे गाणे येण्याआधी पत्र लिहायचे. गाणी लिहून व्हायच्या आत त्यांच्याविषयीची पत्रे कवीच्या हाती पडण्याची सोय मराठीत याआधी झालेली नव्हती. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली, चित्रपटगीत सन्मानाने परत आले, फर्माइशी कार्यक्रमांनी कार्डे लिहिण्याची सवय घराघरात नेली. फर्माइशीचे कार्ड निवेदकाला आणि कौतुकाचे कवीला, एकाच बैठकीत, एकाच दौतीतून.

या पत्रांत काय असे, याची कल्पना उत्तरांवरूनच करावी लागते. एका ओळीचा अर्थ विचारलेला असे. रेडिओवर ऐकू आलेला शब्द 'असा' की 'तसा', यावर घरात पैज लागलेली असे. लग्नपत्रिकेसाठी चार ओळी, संस्थेच्या वार्षिकासाठी शुभसंदेश, स्वाक्षरी, फोटो. आणि सर्वांत जाड पाकीट असे ते स्वतःच्या कवितांचे: 'अभिप्राय कळवावा, हवी तशी दुरुस्ती करावी.' मायना ठरलेला, 'सा. न. वि. वि.', शेवट 'लोभ असावा'. उत्तरात वयस्कर कवी 'चि.' आणि 'अ. उ. आ.' (अनेक उत्तम आशीर्वाद) लिहून एका फटक्यात अनोळख्याला घरातला करून टाकी. कार्डाची जागाच मुळी एवढी की पाच-सहा ओळींत आटपावे लागे. उत्तरांचा जो आटोपशीरपणा आज वाखाणला जातो, त्यातला निम्मा पोस्टखात्याचा आहे.

कवितांच्या जाड पाकिटांना प्रत्येकाने आपापल्या परीने तोंड दिले. कुणी 'वाचन वाढवा' एवढेच लिहिले, कुणी ओळीओळीवर खुणा करून परत धाडले. विदर्भातल्या एका कवीची तऱ्हा मला सर्वांत प्रामाणिक वाटते. गझल लिहू पाहणारी पोरे गावोगावहून तेच तेच विचारत. वृत्त कसे सांभाळायचे, यमक कुठे, अन्त्ययमक कुठे, शेर स्वतंत्र म्हणजे किती स्वतंत्र. त्याने हे सारे नियम उदाहरणांसह एका छोट्या पुस्तिकेत छापून घेतले आणि विचारणाऱ्याला ती टपालाने पाठवायला सुरुवात केली. गीतकार म्हणून त्याची गाणी घरोघर वाजत होती, पण पाठवले ते व्याकरण. पुढे मराठी गझलेची जी एक अख्खी पिढी उभी राहिली, तिच्यातल्या अनेकांच्या हातात पहिल्यांदा पडले ते हेच टपाल. रसिकपत्राच्या उत्तराने वाङ्मयप्रकार वाढवल्याचे एवढे स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आता वादाचा भाग. तो समजून घ्यायला थोडा कायदा पाहावा लागतो.

कवीने उत्तर लिहिले, पोस्टात टाकले, श्रोत्याला मिळाले. आता ते कुणाचे? 'ज्याला आले त्याचे' हे उत्तर सगळ्यांच्या तोंडी असते आणि ते अर्धेच बरोबर आहे. कागद मिळणाऱ्याचा. तो जपावा, चौकट करून भिंतीला लावावा, विकावा, चुलीत घालावा. पण त्यावरचे शब्द छापण्याचा हक्क लिहिणाराचा, आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. हा भेद आपल्याकडे इंग्रजी कायद्यातून आला. १७४१ साली लंडनमध्ये एका कवीने आपली पत्रे परवानगीशिवाय छापणाऱ्या पुस्तकविक्रेत्याला न्यायालयात खेचले, आणि कागद वेगळा व मजकूर वेगळा हे तिथे ठरले. (गंमत अशी, की त्याआधी काही वर्षे याच कवीने आपली पत्रे त्याच विक्रेत्याच्या हाती पडावीत अशी गुपचूप तजवीज केली होती. त्या निमित्ताने स्वतःची 'शुद्ध' आवृत्ती काढता आली.) आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खासगी पत्र हे वाङ्मयीन कृतीतच मोडते. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर आधी ५० वर्षे होती, १९९२ मध्ये ती ६० झाली.

खरी गाठ पुढे आहे. ही साठ वर्षे लेखक जिवंत असताना प्रसिद्ध झालेल्या मजकुराची. पत्र कवीच्या हयातीत छापलेले नसेल, तर साठ वर्षांचे घड्याळ ते पहिल्यांदा प्रसिद्ध होईल तेव्हापासून चालू होते. म्हणजे ट्रंकेत पडून असलेल्या कार्डाची मुदत संपतच नाही, कारण ती सुरूच झालेली नसते. मृत्युपत्राने कुणाला अप्रकाशित हस्तलिखित दिले, तर उलट काही म्हटलेले नसल्यास हक्कही त्याच्याबरोबर गेला असे कायदा धरतो. पण कार्ड काही मृत्युपत्राने येत नाही. ते पाव आण्यात किंवा पंधरा पैशांत येई. सार्वजनिक ग्रंथालयात ठेवलेल्या अप्रकाशित मजकुरासाठी अभ्यासाची आणि छपाईची एक वाट मोकळी आहे, तीही लेखक कोण हे माहीत असेल तर त्याच्या मृत्यूला साठ वर्षे लोटल्यावरच.

प्रत्यक्षात याचे रूप असे दिसते. कवी जातो, स्मृतिग्रंथ निघतो, संपादक आवाहन करतो की आपल्याकडची पत्रे पाठवा. श्रोते विश्वासाने मूळ कार्डे पाठवतात, झेरॉक्स काढून ठेवायचे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मग वारसांपैकी कुणी म्हणते, छापू नका. त्यांची बाजू अगदीच लटकी नाही. कवीने एकाला लिहिताना दुसऱ्या कवीविषयी, गायकाविषयी, पुरस्काराविषयी काही बोलून टाकलेले असते, आणि ती माणसे किंवा त्यांची मुले अजून आहेत. पण कौतुकाची पत्रे तेवढी छापू द्यायची आणि नाराजीची अडवायची, हे वारसाहक्क सांभाळणे नव्हे. ते पुतळ्याला रंग देणे झाले. धारवाडला राहिलेल्या, माणसांना टाळणाऱ्या पण पत्रांना भरभरून उत्तरे देणाऱ्या एका कथाकाराची पत्रे त्याच्यामागे खंडांमागून खंड प्रसिद्ध झाली आणि वाचकांनी ती कथांइतक्याच आवडीने वाचली. गीतकारांच्या वाट्याला तसे खंड आले नाहीत. कथाकाराला लिहिणारे बहुतेक लेखक-वाचक होते, फायली ठेवणारे. गीतकाराला लिहिणारा श्रोता एस.टी.चा वाहक असे, शाळामास्तर असे, परिचारिका असे. त्याच्याकडे एकच कार्ड असे, तेही देवघरातल्या पोथीत.

आणि एक गोष्ट वादात दोन्ही बाजू विसरतात. चाहत्याने कवीला लिहिलेल्या पत्राचा हक्क चाहत्याचा आहे. कवीच्या घरी पोतेभर रसिकपत्रे निघाली, तरी कुटुंबाला ती परस्पर छापता येत नाहीत. ज्या नियमाने वारस श्रोत्याला अडवतात, तोच नियम त्यांनाही लागू आहे. प्रश्न मात्र फारसा उद्भवला नाही, कारण ती पोती निघत नाहीत. दोन खोल्यांच्या घरात वर्षानुवर्षांची कार्डे ठेवणार कुठे? ती रद्दीत गेली. उत्तरे शेकडो घरांत विखुरल्यामुळे वाचली आणि प्रश्न एकाच घरात गोळा झाल्यामुळे नष्ट झाले.

रीत ओसरली कशी, यावर दूरदर्शनकडे बोट दाखवायची पद्धत आहे. मुंबईला ते १९७२ च्या ऑक्टोबरात आले, आणि त्याने काही काळ पत्रे वाढवलीच, कारण आता कवीचा चेहराही दिसू लागला. तीन कवींनी मिळून गावोगाव केलेल्या काव्यवाचनांनी हेच आधी केले होते. ऐंशीच्या दशकात पंधरा पैशांचे कार्ड आणि कॅसेटचे वेष्टन एकाच घरात नांदत होते. वेष्टनावर गीतकाराचे नाव होते, पत्ता होता तो कंपनीचा. कंपनी पत्र पुढे धाडणारा संपादक नव्हे. नव्वदीनंतर घरोघर टेलिफोन आला आणि पत्र लिहिणारा थेट बोलू लागला, बहुधा दुपारी, कवीच्या झोपेच्या वेळी. खासगी रेडिओवर गीतकाराचे नाव घेणे बंद झाल्यासारखेच झाले. आज गाणे फोनवर वाजते तेव्हा पडद्यावर गायक आणि चित्र असते; लिहिणाऱ्याचे नाव शोधावे लागते, आणि पुढे ढकलल्या जाणाऱ्या कवितेखाली भलत्याच कवीचे नाव चिकटते. उत्तर द्यायला हयात कवी आजही तयार असतात, बरेच जण ध्वनिसंदेश पाठवतात. तो संदेश फोन बदलला की जातो.

२०१२ च्या दुरुस्तीने गीतकाराला गाण्याच्या वापरावरचे मानधन वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून इतर कुणाला देऊन टाकता येणार नाही, असे संरक्षण मिळाले. त्याआधी, विशेषतः १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, चित्रपटगीताचा हक्क सहसा निर्मात्याकडे गेलेला असे. म्हणजे ज्या गाण्याबद्दल पत्र आले ते गाणे कवीचे नाही, पण त्या पत्राला लिहिलेले पंधरा पैशांचे उत्तर मात्र पूर्णपणे त्याचे, अशी स्थिती बरीच वर्षे होती.

जी कार्डे अजून घरांत आहेत, त्यांचे पुढे काय करावे याबद्दल एवढेच सांगण्यासारखे आहे, की दोन्ही बाजूंचे चित्र घ्यावे. पुष्कळ कवी तारीख घालीत नसत. पत्त्याच्या बाजूला पोस्टाचा शिक्का असतो. तो पुसट असला तर कार्डावर छापलेली किंमत पाहावी. आणे असतील तर १९५७ च्या आधीचे कार्ड असण्याची शक्यता मोठी, पत्त्यात पिनकोड असेल तर ते १९७२ नंतरचे.