क्वांटम-तयारी (सायबर सुरक्षा)

क्वांटम-तयारी म्हणजे मोठे क्वांटम कॉम्प्युटर (काही ठराविक गणितं आजच्या मशीनपेक्षा फार वेगानं सोडवू शकणारी वेगळ्या जातीची मशीन) कामाला लागायच्या आधीच डेटाची जुनी कुलपं, म्हणजे एन्क्रिप्शन आणि डिजिटल सहीच्या पद्धती, काढून नवीन बसवणं. आज बँक ॲप, ईमेल, डिजिटल सही हे सगळं बहुतेक करून आरएसए नाहीतर इलिप्टिक कर्व्ह या अवघड गणितांवर उभ्या कुलपांवर चालतंय, आणि गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ लाच दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर ही दोन्ही गणितं सोडवू शकतो. एईएस-२५६ सारखी, लावायला आणि उघडायला एकच किल्ली असलेली कुलपं मात्र टिकतील असं मानतात.

घाई कशाला, तर चोर आजच कुलूपबंद डेटा उचलून ठेवतो आणि मशीन आल्यावर उघडतो. आधार नंबर, दवाखान्याची फाईल या गोष्टी १५-२० वर्षांनीही तितक्याच नाजूक असतात. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात तर हे दुप्पट आहे. निपाणीतल्या शेतकऱ्याची थोडी जमीन कागल तालुक्यात असली की एकाच घरात दोन राज्यांचे कागद असतात, इकडं कर्नाटकच्या भूमी प्रकल्पातली पहाणी, म्हणजे आरटीसी हा जमिनीचा उतारा, आणि तिकडं महाराष्ट्राचा डिजिटल सहीचा सातबारा. उतारा तसा कुणीही बघू शकतो, त्यात लपवायचं काही नाही, खरी भीती सहीची आहे. सहीची किल्ली फुटली की मागच्या तारखेचा खोटा उताराही अस्सल दिसेल, आणि जमिनीचे दावे आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालतात.

एआयचा यात दोन्हीकडून हात आहे. लाखो ओळींच्या जुन्या कोडमध्ये आरएसए कुठं लपलंय हे हुडकायला एआय टूल खरंच उपयोगी पडतात. पण स्वीडनच्या केटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी चिप किती वीज ओढते ते न्यूरल नेटवर्कला शिकवून कायबर या क्वांटमसमोर टिकावी म्हणून बनवलेल्या नव्या पद्धतीच्या, संरक्षण घातलेल्या कोडमधूनही गुपित काढून दाखवलं. गणित शाबूत होतं, गळत होती ती चिप. साइक नावाची अशीच दुसरी नवी पद्धत तर २०२२ मध्ये गणितातच फुटली, तेही एआयशिवाय, साध्या कॉम्प्युटरच्या एका कोरवर तासाभरात. त्यामुळे नवीन कुलूप घेतलं की झालं असं समजू नये, पुढं परत बदलता येईल अशी सोय सिस्टीममध्ये पाहिजेच.

नियमांचं बघितलं तर अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं १३ ऑगस्ट २०२४ ला नव्या कुलपांची तीन स्टँडर्ड जाहीर केली, किल्ली ठरवायला एमएल-केईएम (हेच कायबरचं नवीन रूप), आणि सहीसाठी एमएल-डीएसए आणि एसएलएच-डीएसए, आणि त्यांच्या मसुद्यात आरएसए २०३५ नंतर बंद धरलंय. युरोपच्या एआय कायद्यात जास्त धोक्याच्या एआय सिस्टीमना सायबर सुरक्षा सक्तीची आहे. आपल्याकडं सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा २०२२ चा आदेश सायबर हल्ल्याची घटना ६ तासांत कळवायला सांगतो, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा ढिलाईला २५० कोटींपर्यंत दंड लावतो, पण दोन्हीत क्वांटमचं नावसुद्धा नाही. ६,००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन २०२३ ला मंजूर झालं, ते मुख्यतः संशोधनासाठी. माझ्या मते तारीख घालून दिल्याशिवाय छोट्या संस्था हलणार नाहीत.

खानापूर, चिक्कोडीकडच्या पतसंस्थेनं सुरुवात वहीपासून करावी: कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं कुलूप, डेटा किती वर्षं जपायचा, आणि अपडेट कोण देणार. शेवटचा रकाना मोकळा राहिला तर सॉफ्टवेअरवाल्याला पुढच्या कराराआधीच विचारावं, एकदा सही झाली की पुढची काही वर्षं तेच जुनं कुलूप गळ्यात.