आगराच्या टोकापर्यंत लॅन केबल

गुहागर, दिवेआगर या बाजूची जुनी आगरं रुंदीला चिंचोळी आणि लांबीला ऐसपैस. एका टोकाला रस्ता आणि घर, दुसऱ्या टोकाला पुळण, मध्ये माड-पोफळी. हल्ली पुळणीकडच्या टोकाला पर्यटकांसाठी खोल्या उभ्या राहतात आणि येणारा पाहुणा सामान खाली ठेवायच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतो. मग घरातल्या राउटरपासून लॅन केबल निघते आणि पोफळींच्या बुंध्यांना बांधत बांधत खोल्यांपर्यंत नेली जाते. केबलची पेटी ३०५ मीटरची येते, तेव्हा तेवढी सलग ओढायला हरकत नसावी, असं वाटणं साहजिक आहे. मानक मात्र १०० मीटरचं आहे. त्यात ९० मीटर पक्की केबल, आणि दोन्ही टोकांच्या लवचीक जोडतारा मिळून १०.

या १०० मीटरचं एक कारण सर्रास सांगितलं जातं, ते म्हणजे सिग्नलला पोहोचायला उशीर होतो. हे कारण आता लागू नाही. तांब्याच्या तारेतून सिग्नल प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे १०० मीटरला जेमतेम अर्धा मायक्रोसेकंद. सुरुवातीच्या इथरनेटमध्ये, म्हणजे लॅन केबलवरून संगणक जोडायच्या पद्धतीत, सगळे संगणक एकाच जाड तारेवर बोलत. दोघं एकदम बोलले, तर त्या टकरीची खबर आपलं बोलणं संपायच्या आत परत यावी लागे. सर्वांत छोटा संदेश ५१२ बिटचा, म्हणजे सेकंदाला १ कोटी बिट या वेगाने ५१.२ मायक्रोसेकंदांचा. त्या हिशोबाने सगळं जाळं अडीच किलोमीटरपर्यंत पसरवता येई. आता प्रत्येक यंत्राला स्विचपर्यंत, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन जोडतात त्या यंत्रापर्यंत, स्वतंत्र केबल असते, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं, आणि टक्कर होतच नाही.

खरा अडसर सिग्नलच्या क्षीणतेचा. कॅट फाइव्ह-ई दर्जाच्या १०० मीटर जोडणीत, १०० मेगाहर्ट्झला, पलीकडे पोहोचणारी शक्ती पाठवलेल्या शक्तीच्या अडीचशेव्या हिश्शाइतकीच उरली तरी मानकाला चालते. वारंवारता जितकी जास्त तितकी घट जास्त, कारण जलद बदलणारा प्रवाह तारेच्या पृष्ठभागालगतच वाहतो आणि बाकीचं तांबं वाया जातं. त्यात गिगाबिट, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी बिटचं, इथरनेट केबलमधल्या तारांच्या चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांनी एकाच वेळी बोलतं. इकडून निघणारा दणदणीत सिग्नल शेजारच्या जोडीत झिरपतो, आणि तिथेच पलीकडून आलेली पुसटशी कुजबुज ऐकायची असते. प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा ठेवतात तो हे झिरपणं कमी व्हावं म्हणून.

म्हणजे १०० मीटरवर काही भिंत नाही. तिथवर नक्की चालेल, एवढीच ती हमी आहे. चांगल्या तांब्याच्या केबलवर १२० मीटरलाही जोडणी चालू शकते. मात्र कोकणात ही हमी १०० मीटरच्या अलीकडेच संपण्याची शक्यता जास्त. मापं २० अंश तापमानाला धरलेली असतात. पत्र्याखाली तापलेल्या तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. घरात वापरायच्या केबलचं आवरण उन्हाने तडकलं की पावसात पाणी आत शिरतं आणि सिग्नल आणखी खाल्ला जातो. खारी हवा जॅकमधल्या सांध्यांना गंज चढवते. स्वस्त केबलमध्ये तर तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम असतं, ज्याची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. दुकानात ‘प्युअर कॉपर’ आहे ना, हे विचारून घ्यावं आणि वायर खरवडून पाहावी.

अंतर वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे मध्ये एक स्विच. डोंगरापलीकडच्या वाडीवर कुकारा पोहोचत नसेल, तर मधल्या टेकाडावरचा माणूस निरोप समजून घेतो आणि स्वतःच्या ताज्या आवाजात पुढे देतो. स्विच तेच करतो. निव्वळ आवाज मोठा करणारं यंत्र वाऱ्याची घोंघोंही मोठी करेल; स्विच बिट वाचतो आणि नव्याने पाठवतो, त्यामुळे पुढचे १०० मीटर पुन्हा शून्यापासून मोजायचे. पण स्विचला वीज हवी आणि पावसापासून बचावणारी पेटी हवी. आगराच्या मध्यावर दोन्हींची सोय करणं जिकिरीचं.

माझं मत विचाराल तर दोन इमारतींमध्ये तांबं नकोच. मिरगाआधीच्या वळवात किंवा परतीच्या पावसात जवळपास वीज पडली की लांब तारेत दाब उसळतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात. काचेच्या ऑप्टिकल फायबरमधून वीज वाहत नाही आणि सिंगल-मोड प्रकारच्या फायबरवर साधी उपकरणंही १० किलोमीटर सहज गाठतात. दोन्ही टोकांना तांब्यातला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशातला पुन्हा तांब्यात बदलणारे मीडिया कन्व्हर्टर लावले की काम झालं. फायबर घेताना एक बघायचं: बाहेर टांगायच्या काही केबलींत आधाराला पोलादी तार असते, आणि ती तशीच आत घेतली तर विजेची वाट पुन्हा मोकळी. शिवाय काच वीज पोहोचवत नाही. लॅन केबलमधूनच वीज घेणारा पुळणीकडचा कॅमेरा फायबरवर नेला, तर त्याच्यासाठी खोलीतून वेगळी वीज काढावी लागते.