अहवालातला आकडा नेमका कोणत्या वेळेचा?

अपघातानंतर चालकाच्या रक्ततपासणीत अल्कोहोलचे जे प्रमाण आढळते, ते अपघाताच्या क्षणाचे नसून रक्त काढले त्या क्षणाचे असते. जखमींना बाहेर काढून रुग्णालयात पोहोचवण्यात आणि तातडीचे उपचार करण्यात दोन तास सहज जातात, आणि त्या अवधीत यकृत दर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम अल्कोहोलचा निचरा करीत असते. त्यामुळे दोन तासांनी 70 मिलिग्रॅम आढळले, तर अपघाताच्या वेळी ते 90 ते 110 असावे असा हिशेब मांडता येतो. स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या गणिताचा पाया घातला. मात्र चालकाने गाडीत बसण्याच्या जरा आधी, त्यातही भरल्या पोटी, मद्य घेतले असेल, तर अपघाताच्या वेळी प्रमाण अजून वाढतच असू शकते आणि हाच उलटा हिशेब त्याच्यावर अन्याय करतो. म्हणूनच शेवटचे मद्य केव्हा घेतले आणि रक्त केव्हा काढले, या दोन्ही वेळांची नोंद माझ्या मते आकड्याइतकीच मोलाची आहे.

नमुना घेण्याची रीतही निष्काळजीपणे उरकण्यासारखी नाही. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने न पुसता अल्कोहोलविरहित जंतुनाशकाने पुसतात. रक्त ज्या नळीत घेतात, तिच्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असते. ऑक्झलेट रक्त गोठू देत नाही, तर फ्लोराइड सूक्ष्मजीवांना आवर घालते. ते पुरेसे नसेल आणि नमुना उबेत पडून राहिला, तर रक्तातल्या साखरेपासून नळीतच अल्कोहोल तयार होऊ शकते, म्हणजे न प्यायलेले मद्य अहवालात उतरू शकते.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बंद कुपीतले रक्त तापवून त्यावर जमलेली वाफ गॅस क्रोमॅटोग्राफ या मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या उपकरणात सोडतात. तेथे इथेनॉल (म्हणजे मद्यातले अल्कोहोल), मिथेनॉल आणि ॲसिटोन वेगवेगळ्या वेळी बाहेर पडत असल्याने त्यांची गल्लत सहसा होत नाही. रुग्णालयातील तपासणी उपचारासाठी असते आणि ती बहुधा सीरमवर, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावर, एन्झाइमच्या साहाय्याने केली जाते. सीरममध्ये पाण्याचा अंश जास्त असल्याने तिथला आकडा संपूर्ण रक्तापेक्षा साधारण 15 टक्क्यांनी अधिक येतो. जिथे कायदेशीर मर्यादा संपूर्ण रक्तात 80 मिलिग्रॅम आहे, तिथे सीरममधले 90 मिलिग्रॅम म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 78 ठरतात. हे रूपांतर न करता रुग्णालयाचा कागद थेट आरोपपत्राला जोडणे शास्त्राला धरून नाही.